डाव्या हाताचा रक्तदाब

४ जानेवारी

चि. चिमीस अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. आठवडाभर तुझ्या शिवणदुकानात राहिलो, पण तुझी कात्री थांबेल तर शपथ! उजवा हात कधी मोकळा नाहीच, म्हणून रोज डाव्याला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. दर वेळी अगदी उत्तम. तापही उतरलाय. तेव्हा उगाच दगदग नको म्हणून मोठ्या दवाखान्यातली तुझी तज्ज्ञांची भेट मी फोन करून रद्द केली. आता दुकान बंद कर आणि विश्रांतीला इकडे ये. वहिनीने खोली आवरलीय.

माया आहेच, ती वाढवावी.
तुझा दादा

११ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मला न विचारता? तशीच दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या बाबूला सांगितलं, भेट भावाने रद्द केलीय, रुग्णाने नाही. आणि ठाण मांडून बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत घेतलं.

त्यांनी दोन्ही मनगटं धरली. डावीकडची नाडी उजवीपेक्षा फारच क्षीण लागली. मग दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला. डावा तू मोजलास तसाच उत्तम, उजवा इतका चढलेला की त्यांनी पुन्हा मोजला. माझ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. डाव्या हाताची वाहिनी अरुंद झालीय, म्हणून तिथला आकडा फसवा. आजार इतका दुर्मीळ की आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलाच नसेल. असंच चाललं असतं तर डोळे तरी गेले असते, नाहीतर झटका आला असता.

आता रडत बसू नकोस. औषधं बहुधा जन्मभर, शिवाय दर महिन्याला सलाइनमधून एक खास औषध. सगळं घेईन, पण दुकान बंद करणार नाही. भीती वाटते, नाही असं नाही; पण भीतीपोटी घरी बसणं मला जमायचं नाही. वहिनीला म्हणावं, खोलीत खुशाल गाद्या रच.

सलाइन पंधरवड्यात सुरू व्हायलाच हवं, असं बाईंनी लिहून दिलंय. बाबू म्हणतो, खाट दोन महिन्यांनी. सोमवारी पुन्हा भांडायला जाणार आहे. तू येऊ नकोस, तू लगेच पडतं घेतोस.

रागावले असले तरी तुझीच,
चिमी

१६ जानेवारी

चि. चिमीस अ. उ. आ.

पत्र वाचून हातपाय गळाले. वहिनी म्हणाली, गळालेले हातपाय घेऊन तरी जा. सोमवारची वाट न पाहता काल दवाखान्यात गेलो. बाबूने दोन महिन्यांचं तेच तुणतुणं लावलं. आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, काल चढवला. अख्खा व्हरांडा गोळा झाला. तुझ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी स्वतः उभं राहून खाट लावून घेतली. मंगळवारी सकाळी तुझं औषध सुरू होईल. तुझ्याकडे न डोकावता परतलो. रडलो असतो, आणि तू ओरडली असतीस.

आत मात्र तुला एकटीलाच जावं लागेल. पहारेकऱ्याने मला बंदी घातलीय. मी फाटकाबाहेर उभा राहीन, हाकललं तरी हलणार नाही.

लोभ आहे, तो भांडतानाही असू दे.
तुझा दादा