भिंतीवरच्या एका नावाची दुरुस्ती आणि इतर वाटण्या

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा कपडे धुणे व इस्त्री करणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला. देताना ते हसले, पण शिक्का नीट उमटला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. सवडच मिळाली नाही.

कलम १. दुकानामागच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला. तिने भिंतीला गुलाबी रंग देऊ नये.

कलम २. जड इस्त्री दुकानातल्या गड्याला, लंबूला. वीस वर्षं तोच ती उचलतो आहे. शेजारच्या फोटोवाल्यांना माझी कपडे वाळत घालायची दोरी. "दोन दिवसांसाठी" म्हणून नेल्याला सहा वर्षं झाली, आता ठेवाच.

कलम ३. दुकानाची बोली इथे काम करणाऱ्या सगळ्यांची सामाईक. हे लिहून घेणारे वकीलसाहेब म्हणाले, "बोली ही मालमत्ता कशी होईल?" म्हणून खुलासा करते. गिऱ्हाइकासमोर आम्हाला खरं बोलायची सोय नसते. "उन्हात आहे" म्हणजे अजून भिजवलेलंच नाही. "गावाला गेलाय" म्हणजे शर्ट सापडत नाही. "खानदानी" म्हणजे कशालाही दाद न देणारा डाग. "सासूबाई" म्हणजे एकेक बटण मोजून घेणारं गिऱ्हाईक, मग त्याला मिशा का असेनात. वकीलसाहेब, तुमचा काळा कोट गेल्या महिन्यात नऊ दिवस उन्हात होता.

"हे पण लिहू?" त्यांनी विचारलं.

लिहा.

कलम ४. दुकान माझ्या धाकट्या जाऊबाईला, आणि सोबत हा कबुलीजबाब.

आमच्याकडे रीत अशी की जो नवा शब्द काढेल, त्याचं नाव शब्दाशेजारी भिंतीवर, कपड्यांना खुणा करायच्या न जाणाऱ्या शाईने. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी. चौदा वर्षांपूर्वी महिनोन्महिने कोणी न नेलेल्या एका कोटाला धाकटी म्हणाली, "हा पाहुणा काही हलत नाही." सगळे पोट धरून हसले. त्याच संध्याकाळी लॉजच्या ऐंशी चादरी आल्या. मी ओली शाई घेतली आणि 'पाहुणा'शेजारी माझं नाव लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पाय पसरून झोपले. धाकटीने ऐंशी चादरींना इस्त्री केली. मी कानांवर हात ठेवले ते आजपर्यंत.

तेव्हापासून धाकटी दुकानात शुद्ध पुस्तकी बोलते. न नेलेल्या कपड्याला "न नेलेला कपडा" म्हणते. ऐकवत नाही. आता ती लेकाकडे कायमची राहायला जाते आहे. ती गेली की दुकान बंद, कारण रेशमाला हात लावायची हिंमत तिच्याशिवाय कोणात नाही.

तरी जाहीर करते की 'पाहुणा' हा शब्द तिचा आहे.

इथे पडद्यामागून धाकटी बाहेर आली. वकीलसाहेब मोठ्याने वाचत लिहितात, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

"ताई, हे मला तुमच्या तेराव्याला कळणार होतं?"

"अगं, तोंडावर सांगायची लाज वाटत होती."

"आणि मेल्यावर वाटणार नव्हती! दुकानाचं मागाहून बघू. माझी सुट्टी द्या."

"कुठली?"

"चौदा वर्षांपूर्वीची. उद्या. लॉजच्या चादरी आल्यात, तुम्हीच करा. लंबूने हात लावायचा नाही."

"मी बहात्तर वर्षांची आहे गं!"

"डॉक्टरांचा दाखला आहे ना?"

"तो डोक्याचा आहे!" पण धाकटी ऐकेना.

"बरं, आणि मग लेकाकडे जाणार?" मी हळूच विचारलं.

"सुट्टी मागतेय, ताई. सुट्टी संपली की माणूस कामावर येतं."

सबब कलम ४ कायम. मात्र उद्या किती चादरी आहेत ते विचारून आल्यावर मी नोंदवते की हे मृत्युपत्र उद्या संध्याकाळीच अंमलात येण्याचा संभव आहे.

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही). यांनी मलम आणून ठेवायचं कबूल केलं आहे.
२. निवृत्त हेडमास्तर (सही). हे हसत असल्याने सही वाकडी आली आहे, पण त्यांचीच आहे.

लिहून देणार: थोरली (सही)
ठिकाण: दुकान, इस्त्रीच्या टेबलावर
दिनांक: ४ मार्च, चादरींच्या आदल्या दिवशी