ठणठणीत उंदीर

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आमच्या साहेबांची कमाल ऐक. वटवाघळांकडून माणसाला येणाऱ्या त्या जीवघेण्या विषाणूवर आमचं औषध लागू पडलं, म्हणून काल प्रयोगशाळेत साहेबांचा सत्कार झाला. विषाणू टोचून औषध दिलेले बाराच्या बारा उंदीर ठणठणीत! साहेब असे मिरवत होते, जणू उंदरांना त्यांनीच जन्म दिलाय.

अहवालावर फक्त माझी सही बाकी आहे. ती झाली की गुहांमधून वटवाघळांचे नमुने आणणाऱ्यांना औषध मिळेल, मग विषाणू अडवणारे ते जड मुखवटे नकोत. तुझा लेक, आमचा दादा, सुटला. मुखवट्यात घामाघूम होतो तो, आणि तक्रारी ऐकायच्या मी.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी शहाणी

९ जून

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद.

मी तीस वर्षं प्राणिघरातले पिंजरे धुतले. माझा सत्कार कुणी केला नाही, पण उंदीर मला कळतात. विषाणू टोचून औषध न दिलेल्या पिंजऱ्याचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. तेही जगले असतील, तर तुमच्या साहेबांनी काय दिवे लावले? हा विषाणू साध्या उंदराला मुळात बाधतो का? आधी आजारी पडणारा उंदीर तयार करा, मग बरा केल्याच्या बढाया मारा.

आणि लेक म्हणतो, मुखवटे गेल्याच आठवड्यात काढून घेतले. तुझ्या सहीसाठीही कुणी थांबलं नाही.

रागावले तरी माया आटलेली नाही.

तुझी आत्या

१३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच प्राणिघरात गेले. त्या दुसऱ्या पिंजऱ्यातले बाराही ठणठणीत आहेत. साहेबांनी त्यांचा तक्ता 'सर्व निरोगी' असा शेरा मारून बाजूला ठेवला होता. जाब विचारला, तर म्हणाले की उंदीर जगले याचंही हिला दुःख. त्यांना खरंच कळलेलं नाही, आत्या. लबाड असते तर परवडलं असतं.

पण त्यांना हसताना मी तरी तो पिंजरा कुठे पाहिला होता?

अहवालावर सही केली नाही. भांडारात सही करून दादाचा मुखवटा सोडवला आणि गुहेच्या तोंडाशी नेऊन दिला. त्याआधी तो दोनदा तसाच आत जाऊन आलाय. आता लागण दिसते का ते पाहायला एकवीस दिवसांसाठी त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय. काचेपलीकडून तो मला हसून हात करतो, ते बघवत नाही.

लोभ राहू दे, मागायला तोंड नाही तरी. नेहमीच्या नावाने सही करवत नाही.

तुझी भाची