हिरव्या पट्टीतला रुपया

१२ एप्रिल

आली! अम्मी समरकंदात! विमानतळाच्या काचेपलीकडे दिसली तरी खरं वाटेना. तीच करडी शाल, तीच घाई, आणि मागे पिशव्या ओढत गुफरान. धाकटा भाऊ आता माझ्याहून उंच झालाय. आगाऊपणा होता तेवढाच. अब्बा नाही आले. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की त्यांना ताप भरतो.

मला जवळ घेण्याआधी अम्मीनं दंडावरचा इमाम जामिन सोडला. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर घरी राहणाऱ्यानं हिरव्या पट्टीत शिवलेला रुपया बांधायचा, सुखरूप पोचलं की सोडून गरिबाला द्यायचा— आमच्याकडची रीत. दारात झाडणाऱ्या म्हातारीच्या हातात तिनं तो ठेवला. म्हातारी म्हणाली, रहमत. इथे आभार असेच मानतात. अम्मीचा चेहरा काय खुलला!

खोलीभर शेंगाचटणीचा वास. डॉक्टरकीच्या सहा वर्षांत पहिल्यांदा ही खोली माझी वाटतेय.

१३ एप्रिल

रेगिस्तान चौक. तीन बाजूंना तीन मदरसे, सगळे निळे. ऊन कलल्यावर तो निळा भिंतीवरून सुटून हवेत तरंगतो. अम्मी कितीतरी वेळ नुसती उभी. मला वाटलं दुवा मागतेय. ती रंग ठरवत होती!

सोलापुरातल्या आमच्या सात रस्त्यावरच्या गाळ्यासाठी. माझ्या दवाखान्यासाठी अब्बांनी तो रिकामा ठेवलाय, फरशीसुद्धा बसवलीय. भिंतीचा रंग तेवढा राहिलाय. ‘ह्योच निळा,’ म्हणाली, आणि रंगाऱ्याला दाखवायला गुफरानकडून फोटो काढून घेतला.

जूनमध्ये परीक्षा संपली की मी सोलापूरला जाणार नाहीये. जर्मनीला जाणार आहे. तिथल्या हॉस्पिटलनं बोलावलंय, भाषेची परीक्षासुद्धा पास झालेय. घरी कुणालाच माहीत नाही. आज घुमटाखाली सांगायचंच म्हणून तोंड उघडलं, आणि आइस्क्रीम खाणार का विचारलं. भित्री!

१४ एप्रिल

सकाळी चहा ठेवताना सवयीनं जर्मन घोकत होते. वो टूट एस वे— कुठे दुखतंय? रजईतून अम्मीचा आवाज आला, हे काय म्हणतेस? मी म्हटलं, इथले डॉक्टर पेशंटला असं विचारतात.

किती सहज निघालं तोंडातून! ती बिचारी उठून बसली आणि पाठ करायला लागली. लेकीच्या कामाचं वाक्य ना!

१५ एप्रिल

पाऊस. अम्मी भांडी घासताना पुटपुटतेय, वो टूट एस वे. खिडकीकडे तोंड करून बसले दिवसभर.

१६ एप्रिल

बाजारात अम्मी राणी झाली. नान, दुकान, दरवाजा, किताब— एकेक शब्द ओळखीचा निघाला की माझा दंड दाबायची. ‘इफ्रा, ह्ये सगळे आपलेच हायत की!’ जर्दाळूवाल्यानं तिला आपा म्हटलं. मग काय, मूठभर जास्तीचे घेऊनच ती तिथून हलली. गुफरान म्हणाला, अम्मीला इथेच ठेवून जातो. मी हसले आणि पिशवी उचलून घाईनं पुढे झाले.

१७ एप्रिल

शाह-ए-जिंदा. अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना मजारी, आणि नुसता निळा, निळा. पावलं आपोआप हळू होतात. आपण चालत नाही, कुणाच्या तरी झोपेतून जातोय असं वाटत होतं.

पायरीवर एक आजी गुडघा धरून बसलेली. मी पुढे होईपर्यंत अम्मी तिच्याशेजारी बसलीसुद्धा. गुडघ्यावर हात ठेवून हळूच विचारलं— वो टूट एस वे?

आजी बघतच राहिली. अम्मीनं परत विचारलं, सावकाश, एकेक अक्षर. आजीनं माझ्याकडे पाहिलं. मग मलाच विचारावं लागलं, इथल्या खऱ्या भाषेत. आजी भडाभडा बोलू लागली. गुफरान पोट धरून हसत होता, अम्मीचे उच्चार चुकले असं समजून.

अम्मी हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत होती. मग बराच वेळ त्या आजीचा गुडघा दाबत बसली. उतरताना माझा हात धरला तिनं. विचारलं मात्र काहीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल

दोन दिवस गाळ्याचं नाव नाही. रंगाचंही नाही. आज अम्मीनं माझ्या केसांना तेल लावून दिलं. लहानपणी शाळेच्या आदल्या दिवशी लावायची तसं, अगदी जिरवून. सांगू? आत्ता सांगू? ती गुणगुणत होती, तिला थांबवावंसं वाटेना.

ओढणीची हिरवी कड कापून पट्टी शिवलीय. आतला रुपया तिच्याच बटव्यातला. उद्या ते दोघं निघणार, मी मागे राहणार. म्हणजे बांधायची पाळी माझी.

२० एप्रिल

विमानतळावर पट्टी काढली. अम्मीनं दंड पुढे केलाच नाही. माझ्या हातातून ती घेतली, माझी बाही वर सारली आणि माझ्याच दंडावर बांधली. पक्की गाठ.

‘मी घरला चाललेय, मला कशाला? लांब तू निघालीयास.’

मी गाठीवर हात ठेवला.

‘ती बोली हितली न्हाय, एवडं कळलं मला. कुटली हाय ते फोनवर सांग, सावकाश. गाळ्याला भाडेकरू बघाय मी सांगते तुज्या अब्बाला.’

आणि आत जाता जाता वळून म्हणाली, ‘पोचलीस की सोड.’