आवडीचा तास आणि ताचिवा आजींची होडी

सॉल्टपाँडजवळून,
१२ फेब्रुवारी १९९७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? कुमासीची हवा त्याला सोसत नसेल तर सरळ इकडे ये, समुद्राच्या वाळूत पाय पुरून बस.

जानेवारीत इथे आल्यापासून चौथीच्या वर्गात मी ‘आवडीचा तास’ सुरू केलाय. शेवटचा तास मुलांचा. काय वाचायचं, काय लिहायचं, ते त्यांनीच ठरवायचं. कुणी भजनांचं पुस्तक उघडतं, कुणी मासळीला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद. एक पठ्ठ्या तर दुधाच्या डब्यावरची चिठ्ठी अगदी भक्तिभावाने वाचतो. हेडमास्तर आर्कोफुल खिडकीतून डोकावून विचारतात की बाई, हा वर्ग आहे की बाजार. तरी ईस्टरपर्यंत चालू दे म्हणालेत.

काळजी एकाच मुलीची, अबाची. तिच्या आजी, ताचिवा आजी, म्हणजे इथल्या मासळीबाजाराच्या मुख्य. भाव त्यांनी सांगायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. त्यांना स्वतःला अक्षर येत नाही, पण नातीने शिकावं म्हणून हौसेने शाळेत घातलं. आणि नात तोंड उघडेल तर शपथ! आवडीच्या तासालाही नुसती खिडकीबाहेर बघत बसते. परवा मासे भाजायच्या भट्टीपाशी आजी मला म्हणाल्या की एवढी वर्षं शाळेत घालून पोरीला एक ओळ वाचता येत नाही, ईस्टरनंतर तिला ताकोराडीला पाठवते, लोकांकडे घरकाम तरी शिकेल. मावशी, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

काल मंगळवार, समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. एकही होडी पाण्यात नाही. मुलांनी हट्ट धरला की आज होड्यांवर रंगवलेली वाक्यं वाचू. म्हणून वर्ग किनाऱ्यावर नेला. इथे टोमणा मारायला तोंड लागत नाही, होडी रंगवली की काम भागतं. ताचिवा आजींचे थोरले भाऊ एबो आजोबा. जाळ्यावरून भांडण झालं आणि बोलणं बंद. त्यांच्या होडीवर बहिणीसाठी लिहिलंय, ‘तुला काय करायचंय?’ आजींनी उत्तरादाखल आपल्या होडीवर ‘मी विसरले नाही’ असं रंगवून घेतलं, हे त्या कौतुकाने सगळ्यांना सांगतात. ती होडी बघायला मी वळले, तर बाकीची मुलं खुदखुदत पुढे पळाली आणि अबा माझ्या आडवी उभी राहिली. काही केल्या पुढे जाऊ देईना. मी परत फिरले. तुला यातलं काही उमगतंय का?

तुझा राग, लोभ दोन्ही हवेत.
तुझी अराबा


कुमासी,
२० फेब्रुवारी १९९७

चि. अराबास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो पण चालतो.

तुझं पत्र वाचून हसू आलं. मुलांना निवडू द्यायला निघालीस आणि एकीने न वाचणं निवडलं, ते तुला दिसलंच नाही! अगं वेडे, ज्या पोरीला वाचता येत नाही ती होडी झाकेल कशाला? होडीवर काय लिहिलंय ते तिला ठाऊक असल्याशिवाय का ती आडवी उभी राहिली?

एकटी जा आणि होडी वाच. पण चारचौघांत पोरीला उघडी पाडू नकोस. हेडमास्तरांना खूश करायला तर मुळीच नको. आणि नीट जेवत जा.

तुझी खुशाली कळवत राहा. जीव तुझ्यात आहे.
मावशी


सॉल्टपाँडजवळून,
५ मार्च १९९७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. आजींच्या होडीवर ठळक निळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘जेवायला या’!

फीफी पेंटरची करणी. एकाच दिवशी त्याने आजींची होडी आणि बाजारातल्या खानावळीची पाटी रंगवली आणि दोन्ही वाक्यांची अदलाबदल केली. खानावळीवर आजही ‘मी विसरले नाही’ झळकतंय, आणि तिथे रोज मीठ विसरतात. वाचता येणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे, पण आजींना सांगणार कोण? फीफीही रंग उडाला की मुकाट्याने तेच गिरवतो.

एबो आजोबांना कुणीतरी ते वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, बहीण नमली. तेव्हापासून ते चांगली मासळी आली की गुपचूप तिच्या दारी पाठवतात. आजींना वाटतं, भाऊ आपल्या होडीला घाबरला.

अबाने हे सगळं भट्टीमागे मला कानात सांगितलं. ती केव्हाची वाचते, मावशी! पण आजीला कळलं तर ती आधी होडीच वाचायला लावेल, मग होडी पुन्हा रंगवेल आणि भांडण पहिल्यापासून सुरू होईल, म्हणून पोर मुकी राहिली. एवढ्याशा जिवाने केवढं ओझं उचललं! मला रडूच आलं.

ईस्टर तोंडावर आलाय. मी आजींना सांगितलं तर अबाचं ताकोराडीला जाणं टळेल, पण कुणाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातलीय. तेव्हा मी म्हटलं की बोलायचं की नाही ते तू ठरव. म्हटलं खरं, पण ईस्टरपर्यंतचे दिवस मोजतेय. आवडीच्या तासाला कुणाला तरी पत्र लिहावंसं वाटलं तर माझ्या मावशीला लिही, असंही सांगितलंय.

तुझ्या आशीर्वादाची आता खरी गरज आहे.
तुझी अराबा


सॉल्टपाँडजवळून,
२६ मार्च १९९७

ती. कुमासीच्या आजींस,
शि. सा. न. वि. वि.

बाई म्हणाल्या की काहीही लिही. तुम्ही लांब राहता आणि आमच्या आजीला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

काल मंगळवार होता. आजीने फीफी पेंटरला बोलावलं. म्हणाली की या वेळी अक्षरं मोठी काढ, एबोला त्याच्या दारातून दिसली पाहिजेत. मग मला म्हणाली की तुझं बोचकं बांधून ठेव. मला ताकोराडीला जायचं नव्हतं. आणि खोटं वाचायचंही नव्हतं. मी होडीपाशी गेले आणि मोठ्याने वाचलं.

आजी म्हणाली पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. फीफी डबा टाकून पळाला. मला वाटलं आता आजी मला मारणार. तिने विचारलं की इतकी वर्षं हेच होतं का. मी हो म्हटलं. आजी होडीला टेकून खाली बसली. मग रागाने म्हणाली, एवढं बोलावलं होतं तर हा मेला आला का नाही!

एबो आजोबा त्यांच्या होडीपाशी जाळं शिवत होते. ते तिकडून ओरडले की लाकडाच्या निरोपावर कोण जेवायला येतं, तोंडाने बोलाव. आजीने बोलावलं नाही. पण घरी येऊन तिने केंकेच्या मक्याच्या गोळ्यांवरची पानं सोडली, मासा भाजला, आणि मला म्हणाली की तुला बोलता येतं ना, मग जा. मी गेले. आजोबा आले. दोघं एका ताटात जेवले आणि चटणी कुणाची तिखट यावर भांडले.

आजीने माझं बोचकं स्वतः सोडलं. आता ती शाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहते. हेडमास्तर तिला काही बोलत नाहीत.

फीफी परत आला तेव्हा आजी मला म्हणाली की काय लिहायचं ते तू सांग. मी म्हटलं, आहे तेच, फक्त अक्षरं मोठी.

बाई सांगतात की पत्राच्या शेवटी मोठ्यांकडे लोभ मागतात. मला मागायचा नाही, द्यायचा आहे. जेवायला या.

तुमची अबा