जेवणानंतरची गोळी

बाबा, आज कॉलेजात एका मुलीने विचारलं, "मॅडम, हृदयविकारावरच्या त्या गोळीने प्लेटलेटमधलं एन्झाइम कायमचं बंद होतं ना, मग ती रोज कशाला घ्यायची?" उत्तर एका वाक्याचं आहे. रक्तात रोज नव्या प्लेटलेट्स येतात आणि त्यांच्यातलं एन्झाइम चालू असतं. तिने ते वहीत उतरवलं. मी मात्र उरलेला तास खुर्चीत बसून घेतला. हल्ली फार दमायला होतं.

हे एक वाक्य तुम्हाला सांगायचं राहिलं. हृदयाचं पहिलं दुखणं झालं तेव्हा डॉक्टरांनी ती छोटी गोळी दिली आणि जेवणानंतर घ्या म्हणाले. तुम्ही ते शब्दशः धरलंत. भात नाही तर जेवण नाही, आणि जेवण नाही तर गोळी नाही. श्रावणातला तो सोमवार आठवतो. मी पुण्याहून आलेय, तिथे प्लेटलेट्सवरच संशोधन करतेय, आणि त्याची मला जरा जास्तच ऐट आहे. आई मागच्या पडवीत आहे. तुम्ही वरीचे तांदूळ खाऊन गोळ्यांची पट्टी तशीच फडताळात ठेवताय. मी हटकलं, तर म्हणालात, "फराळावर कसली गोळी घेतात गो? एक दिवस नाय घेतली तर मरतो काय मी?"

मग मी शहाणपण पाजळलं. जखम झाली की प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या बारीक चकत्या, जाग्या होतात. आतलं एन्झाइम एक रसायन तयार करायला लागतं, ते बाहेर पडून शेजारच्या चकत्यांना बोलावतं, आणि सगळ्या चिकटून गुठळी होते. गोळी त्या एन्झाइमला कुलूप घालते. चकतीला नवं एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी ती मरेपर्यंत कुलूप तसंच. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेले तुम्ही. लगेच म्हणालात, "म्हणजे गाडी भंगारात जाईपर्यंत इंजिन बंदच?" मी म्हटलं, "बंदच. एका दिवसाने काही होत नाही." ते खरंही होतं. पण डेपोत रोज नव्या गाड्याही येतात, हे मी बोललेच नाही. तुमच्यासारख्याला तेवढं पुरलं असतं.

नवरात्रात तुम्ही नऊ दिवस भात सोडलात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोनवर म्हणालात, "गोळ्यांना सुट्टी हो, तू म्हणालीस तसं." माझ्या हातात नमुन्याची नळी होती. मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. खंडेनवमीला पाने-पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहताना तुम्ही तिथेच कलंडलात. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. गोळी घेतली असती तर तुम्ही वाचला असतात का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला रोज सांगता येतं, आणि रोज वेगळं.

आई आता थकलीय. तिलाही तीच गोळी चालू आहे. नवरात्रात ती देवापुढे हात जोडते, मूठभर भात खाते आणि गोळी घेते. दरवर्षी घास हातात धरून म्हणते, "मीच त्यांना दोन घास भाताचे खायला लावायला हवे होते. माझंच चुकलं." मी समोर बसलेली असते, बाबा. तिला ताक वाढते. तिचं चुकलं नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.