चेलो थांबतो तिथे

३ जून, मंगळवार
माझ्या मोट्लात्सीची रचना वाजणार! ब्लूमफाँटेनच्या सभागृहात, शनिवारी आणि रविवारी. चेलो त्याची विद्यार्थिनी वाजवेल. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांचंच वाजवलं त्यानं. स्वतःचं एवढं एकच मोठं लिहून झालं — आणि गेला.
मला जाता यायचं नाही. नवऱ्यामागचे हे काळे कपडे अंगावरून उतरायला डिसेंबर उजाडेल. तोवर गाणं-बजावणं नाही, चारचौघांत बसणं नाही.

५ जून
नणंदेला विचारून पाहिलं. सुतकाचं सगळं पुलेंगच्याच हातात.
"काळ्यात मैफलीला? शेजारी कोण बसेल गं वहिनी तुझ्या?"
सासूबाई शेगडीत कोळसा घालत होत्या. "तिला काय नवीन ऐकायचंय? इतकी वर्षं भिंतीपलीकडून तेच तर चालायचं. अडलेली गाय हंबरते तसलं!"
त्यांना सांगणार तरी काय? मी नुसता चेलो ऐकलाय. तो मध्येच थांबायचा, पायानं ठेका धरायचा, माझं नाव घेऊन सांगायचा — "इथे बासऱ्या, मामोहाऊ... आता सगळे!" मला फक्त नळाची टपटप ऐकू यायची. तो थांबायचा तिथे काय होतं, तेवढं एकदा ऐकायचंय.

६ जून
लापशी करपली. तशीच वाढली.

७ जून, शनिवार
दोघी जाऊन आल्या. सासूबाईंनी ठेवणीतली घोंगडी पांघरली होती. पुलेंगचं तोंड थांबेना — "सगळे उभे राहिले, वहिनी! आणि आपली आई? खुर्ची सोडायला तयार नाही. माणसं झाडायला आली तरी बसलेली!"
सासूबाईंना चहासुद्धा नको होता. मी हळूच विचारलं, "बासऱ्या होत्या?"
त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला ते कधी ऐकूच आलं नाही?"

८ जून, रविवार
पुलेंग चर्चला गेली. सासूबाई माझ्या खोलीत आल्या, दार लावलं. "काढ ते."
झगा, शाल, डोक्याचं फडकं — माझं सगळं काळं त्यांनी स्वतःच्या अंगावर चढवलं. आपली घोंगडी माझ्या हातात कोंबली. "मागच्या दारानं जा, आज शेवटचं वाजणार. कुणी डोकावलंच तर मी इथे पाठमोरी बसलेय."
"अहो आई, पण नियम —"
"माझाही मुलगा गेलाय. मला कुणी काळं दिलंच नाही."