देवापुढचे दोन बोल्ट

ता. १५ सप्टेंबर १९४६, रविवार
मागची चाकं फिरवणारं गाडीचं जुनं डिफ्रन्सल आज उघडलं. अजून डोकं सुन्न आहे. मागचं झाकण सोडलं तर आत वंगणाच्या जागी लाकडाचा भुसा, काळ्या लाडवासारखा थापलेला. आवाज दाबायला भरलेला. चक्रांचे दात निम्मे झिजून गेले आहेत. गाडी घेताना मी कान लावून ऐकलं होतं. म्हटलं, काय शांत चालते. पंचवीस वर्षं मोटारींत हात काळे करतोय आणि मला कळलं नाही.
महादू हसत होता. "आण्णा, ह्ये डिफ्रन्सल न्हाई, सुताराचं दुकान हाय."
मला हसू येईना. विकणाऱ्याच्या गळ्यात माळ होती. म्हणून मी जास्त विचारलं नव्हतं.

ता. १७, मंगळवार
महादू सहा वर्षं ब्रह्मदेशाकडं मिलिटरीच्या लॉऱ्या हाकून उन्हाळ्यात परत आला. तेव्हापासून सर्टिफिकिट घेऊन कचेऱ्या हिंडतोय. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान भाऊ, माझ्याच खांद्यावर वाढलेला. आता त्यानं एकच धरलं आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारींची चाचणी आहे: सांगलीहून कराड, सातारा, खंबाटकीचा घाट चढून खंडाळा, आणि परत इथं साताऱ्यापर्यंत. वाटेत थांबायचं नाही, घाटात पाणी उकळू द्यायचं नाही, कुणी धक्का लावायचा नाही. सांगलीचे एक मोटारमालक वडूजकडं नवी प्रवासी सर्व्हिस काढणार आहेत. त्यांचा हेड ड्रायव्हर यातूनच निवडणार म्हणे. पेट्रोलची कुपनंही तेच देणार.
गाडीत दोन माणसं हवीत. शेजारचे पेन्शनर हवालदार रोज गॅरेजात येऊन स्टुलावर बसतात, ते आपणहून तयार झाले. "लढाईत मेलो न्हाई, आता म्हाद्याच्या गाडीत मरतो."
गाडी आहे, ड्रायव्हर आहे. मधलं डिफ्रन्सल तेवढं नाही.

ता. १९, गुरुवार
मिरजेला भंगारवाल्याकडं जाऊन आलो. मिलिटरीच्या लिलावातले दोन मागचे एक्सल, डिफ्रन्सलसकट, बसतील असे निघाले. एक साहेबाच्या मोटारीचा, पळणारा. एक हलक्या लॉरीचा, ओढणारा. पळणाऱ्यात चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे चार फेरे. ओढणाऱ्यात पाचाहून थोडे वर. म्हणजे हा सपाटीवर मागं पडणार, इंजिन कोकलणार, पण घाटात आमचं म्हातारं इंजिन दम सोडणार नाही.
डिफ्रन्सलमधल्या मोठ्या चक्राचे दात मोजताना चुकू लागलो. शेवटी पहिल्या दाताला दोरा बांधला, खिशातली माळ काढली आणि दाताला एक मणी असं मोजलं. खात्रीसाठी तीनदा. ओढणाऱ्याचे दात छत्तीस. तिसऱ्या फेऱ्याला दोऱ्याशी आलो आणि बोट बरोबर मेरुमण्यावर. अंगावर काटा आला. पळणाऱ्याचे सदतीस, तीन मणी जास्त झाले.
छत्तीस त्रिक एकशेआठ, यात देवाचं काय, तो हिशोब आहे. तरी मन तिथंच बसलं. महादूला माळेचं सांगितलं नाही. घाटाचंच कारण सांगितलं. तेही खरंच आहे.

ता. २१, शनिवार
वाद. महादू म्हणतो पळणारा घ्या. "कऱ्हाडपातूर रस्ता सरळ हाय, आण्णा. तितंच म्होरं गेलो की मग घाटात बघू."
मी म्हटलं, घाटात बघायला गाडी घाटापर्यंत नाही, घाटाच्या माथ्यावर गेली पाहिजे.
हवालदार: "आरं, बैल न् घोडा एका गाडीला जुपता येत न्हाईत गड्या. आण्णा म्हंत्यात त्यो बैल घे. तुज्यासारक्याला बैलच बरा."
महादू म्हणाला, "बसवनार तुमी. मग तुमी म्हंशिला त्यो."
पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत नवी वस्तू घरात आणायची नाही. घटस्थापनेला आणू. महादूच्या कपाळाला आठ्या. दिवस फार थोडे उरतात हे मलाही कळतं.

ता. २६, गुरुवार
घट बसले. दुपारच्या गाडीनं एक्सल आला. सौ.नं त्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत भुसा नाही. आधी तेच पाहिलं.

ता. २९, रविवार
शाफ्ट चार बोटं लांब पडला. कापून सांधून घेतला. लेथवर फिरवून पाहिला, किंचित मारतो, सरळ फिरत नाही. पुन्हा सांधला.

ता. ३ ऑक्टोबर, गुरुवार
मोठं चक्र दहा बोल्टांवर बसतं. आज आठ आवळले. दिवेलागणीला सौ.चा निरोप आला: पाने धुवायचे केव्हा, उद्या खंडेनवमी. एकदा हत्यारं पूजेला लागली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे वडिलांपासून आहे.
आमच्या गावी नवा नांगर जोडला की शेवटची खुंटी देवापुढं ठेवत आणि पूजा झाल्यावर ठोकत. आमच्या घरचीच रीत, दुसरीकडं पाहिली नाही. उरलेले दोन बोल्ट आणि दहाही बोल्टांच्या डोक्यांतून ओवून ते सैल न होऊ देणारी अडकवणीची तार तशीच ताम्हनात ठेवली. शनिवारी पूजा झाली की बसवायचे. धूळ जाऊ नये म्हणून मागचं झाकण हातानंच लावून ठेवलं. महादू कुपनांसाठी गेला होता.

ता. ४, शुक्रवार
खंडेनवमी. पाने, हातोडे, जॅक सगळे धुऊन पुसून मांडले. कुंकू, झेंडू. हात रिकामे, चैन पडत नाही. गाडीलाही हार घातला. फार दिवसांनी मन शांत आहे.

ता. ५, शनिवार
दसरा. पूजा झाली, आणि लगेच माणसांची रीघ. गल्लीतले, गॅरेजातले, सगळे सोनं द्यायला. तासभर गेला. मागं गॅरेजात गेलो तर महादूनं झाकण आवळून, वंगण भरून, गाडी बाहेर काढलेली. म्हणाला, "झालं समदं. तुमी बसा जरा." म्हटलं, बरं झालं, त्यानंच बोल्ट पूजेतून उचलून बसवले.
दुपारी दोघं सांगलीला गेले. उद्या सकाळी सातला सुटायचं. जाताना महादू पाया पडला. हवालदारांनी बूट पॉलिश केले होते.

ता. ६, रविवार
नऊला निर्माल्य काढायला बसलो. झेंडू उचलले, आपट्याची पानं उचलली. ताम्हनात दोन बोल्ट. तार.

कुंकू लावलेले. तसेच.

(पुढचं संध्याकाळी लिहितोय.)
किती वेळ बसून होतो कोण जाणे. त्याला वाटलं मी बसवले, मला वाटलं त्यानं. आणि तार नाही म्हणजे बाकीचे आठही सैल होणार. एखाद्याचा तुकडा दातांत गेला की मागची चाकं जागच्या जागी आवळतात. खंबाटकीच्या उतारावर.
पोवई नाक्यावर धावत गेलो, गाड्या तिथूनच घाटाकडं जातात. पायात चप्पल नव्हती हे तिथं कळलं. गर्दी. लोक येणाऱ्या प्रत्येक गाडीवर कालचे झेंडू उधळत होते. दोन गाड्या गेल्या. तिसरी आमची. मी रस्त्यात उतरून दोन्ही हात वर केले. महादूला वाटलं, मी शाबासकी देतोय. त्यानं हॉर्न वाजवला. हवालदारांनी कडक सलाम ठोकला. गेले.

आणखी एक लिहायचं आहे. ते लिहिल्याशिवाय वही मिटता येणार नाही. गाडी जवळ आली तेव्हा मी मधोमध उभा होतो. तिथंच राहिलो असतो तर त्याला थांबावंच लागलं असतं. मी बाजूला झालो. थांबली की चाचणी संपली, आणि का थांबली ते भर नाक्यात सांगावं लागलं असतं. हे सगळं त्या क्षणी मनात आलं का? आलं. पाय त्यानंतर हलले.
नाक्यावरच्या झाडाखाली साडेतीनपर्यंत बसलो. माळ हातात होती, एक मणी पुढं गेला नाही.
आले. दोघंही. गाडी स्वतःच्या चाकांवर. घाटात चार गाड्या उकळल्या, दोन ढकलल्या. न थांबता माथ्यावर गेलेल्या दोनच, त्यांत आमची. मालकांनी महादूच्या पाठीवर थाप मारली म्हणे.
घरी आल्यावर हवालदार खाली उतरत म्हणाले, "गाडी ब्येस हाय. पर कऱ्हाडापास्नं मागं कोन सुपारी फोडत बसलंय? कटक, कटक."
महादू म्हणाला, "म्या बी ऐकलं. उतारावर तर लय येत हुतं. म्हटलं, आण्णांनी बसवलंय. कशाला बगायचं?"
मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलो. आत उभाच राहिलो.

ता. ७, सोमवार
महादू झोपलेला असताना पहाटे झाकण उघडलं. आठांतले तीन तुटलेले. डोकी वंगणात तळाशी पडलेली. पाच बोल्टांवर दोन माणसं घाट चढून उतरली. त्या पाचांतला एक बोटानं फिरला.
डोकी धुतली. रुमालात बांधली. दहाही बोल्ट नवे-जुने जमवून बसवले, तार ओवली, पिळली, परत परत ओढून पाहिली. तार दोनदा बोटात घुसली.
सकाळच्या पूजेला बसलो.  देवानं वाचवलं असं सौ. म्हणते आहे. तिला घाटाचंच ठाऊक आहे. मला मात्र ताम्हन समोर दिसतं. वस्तू त्याच्याजवळ ठेवली मी, न्यायला विसरलो मी.

ता. ९, बुधवार
मालकांचं पत्र. महादूनं सोमवारपासून हेड ड्रायव्हर म्हणून यावं. खाली आणखी चार ओळी: 'हा एक्सल ज्याने निवडला व बसविला तो माणूस आम्हास पाहिजे. सर्व मोटारी त्याच्या नजरेखाली राहतील. आपल्या वडील बंधूंना बरोबर आणावे.'
महादूनं ते तीनदा वाचून दाखवलं. "बगा! तुमी बैल घ्यायचा म्हनला म्हून. म्या घोडा मागत हुतो." सौ.चे डोळे भरले. हवालदार म्हणाले, "आता आण्णा, आमाला फुकटात वडूजला न्या रं बाबा."
सगळ्या मोटारी माझ्या नजरेखाली. त्यांत बसलेली सगळी माणसं.
मला जेवण गेलं नाही. आनंदानं, असं सगळ्यांना वाटलं.

ता. १०, गुरुवार
महादूनं गाडीखाली सांडलेलं ताजं वंगण पाहिलं.
"डिफ्रन्सल उगडलं हुतं व्हय?"
"हो."
"मग? सुपारी कोन फोडत हुतं?"
"काही नाही. वंगण बदललं."
"म्या म्हटलंच हुतं," म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला.
किती सहज बोलून गेलो. भुसा भरणाऱ्या माणसाला मी महिनाभर मनात शिव्या दिल्या. त्याला हात धुवायला निदान पाणी तरी लागलं असेल; मला तेवढंही लागलं नाही.

ता. १२, शनिवार
दिवसभर बोलायचं ठरवत होतो. सकाळी तो सदरा इस्त्री करत होता. दुपारी मित्र आले. संध्याकाळी एकटाच होता, ओट्यावर, कंदील पुसत. शेजारी जाऊन बसलो. तोच बोलू लागला. ब्रह्मदेशात एकदा रात्री गाडीचा ब्रेक गेला होता. पुढं दरी. "तवा तुमचीच आठवन झाली, आण्णा. म्हटलं, आपली गाडी आण्णांच्या हातची असती तर."
मी उठून आत आलो.
त्याला सांगितलं तर तो कुणाला सांगणार नाही, हे मला माहीत आहे. मालकांनाही नाही. हसण्यावारी नेईल. फक्त यापुढं मागून आवाज आला की तो थांबेल, आणि उतरून बघेल. तसं त्यानं बघायला हवंच. मग जीभ का उचलत नाही?

ता. १३, रविवार
आज सांगलीला निघायचं. सौ. मागाहून येईल. पाने पेटीत भरले. ताम्हन तिनं घासून लख्ख केलं आहे, कुंकवाचा डागही नाही.
पूजेत आज एकच मागितलं, आणि ते देवाकडं मागण्यासारखं नाही, माझं मलाच करायचं आहे.
तीन डोकी रुमालात, रुमाल डाव्या खिशात. चालताना मांडीला लागतात. कराडच्या पुढं कृष्णेच्या पुलाआधी एक आंब्याचं झाड आहे, सावली चांगली आहे. तिथं गाडी थांबव म्हणायचं, चाचणी काही आता नाही. उतर म्हणायचं. आणि रुमाल सोडायचा. असं ठरवलं आहे. नाक्यावरही मी मधोमध उभं राहायचं ठरवूनच उतरलो होतो.
महादू बाहेर हॉर्न वाजवतोय. "आवं आण्णा, चला की! का पुन्ना माळ मोजत बसला?"
इंजिन चालू आहे. इथपर्यंत ऐकू येतं. मागून काही आवाज नाही.